व्हिडिओ गेममधल्या पुतळ्यांविषयी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर एक लेख होता. या खेळांतला नायक म्हणजे नुसतं मारत सुटणारं बाहुलं, त्याला मागचं-पुढचं काही नसतं, असं त्यात म्हटलं आहे. मी नागपूरच्या चितार ओळीतला मूर्तिकार, घरातली तिसरी पिढी, वय ५४. बाहुलं कशाला म्हणायचं आणि मूर्ती कशाला, याच्याशी माझा रोजचा संबंध. म्हणून गणपतीच्या ऐन घाईतही हे पत्र लिहायला बसलो.

सीझनमध्ये माझा मुलगा रात्री कारखान्यात माझ्यासोबत थांबतो. माती सुकेपर्यंत त्याचा लॅपटॉप सुरू असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला ‘फॉलआउट’ दाखवला. खेळ १९९७ चा. अणुयुद्धानंतरची अमेरिका, जमिनीखालच्या तळघरात पिढ्यान्पिढ्या राहणारी माणसं. तिथे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडते आणि ती शोधायला एकाला बाहेर धाडतात. खेळणारा तोच. मुदत १५० दिवस. वाटेत शेडी सँड्स नावाची लहानशी वस्ती लागते, तिथल्या तांडी नावाच्या मुलीला तो लुटारूंच्या हातून सोडवू शकतो. एवढं सगळं करून घरी येतो, तर तळघराचा प्रमुख त्याला दारातूनच परत पाठवतो. कारण काय, तर त्याचं पाहून इथली तरुण पोरंही बाहेर पडतील. पाठमोरा एकटा चालत जाणारा तो माणूस पाहून मला त्या रात्री काम सुचलं नाही.

दुसरा भाग १९९८ चा. गोष्ट ८० वर्षं पुढे गेलेली. त्याने वसवलेलं अरोयो गाव आहे आणि आता आपण त्याचा नातू. तो अंगावर वागवायचा तो निळा गणवेश आता पवित्र वस्त्र झाला आहे. म्हातारपणी एके दिवशी तो गणवेश बिछान्यावर नीट घडी घालून ठेवून तो निघून गेला. गावातले काही जण मानतात की आकाशातल्या देवतांनीच त्याला नेलं. शेडी सँड्सचं मोठं शहर झालंय, एका नव्या राष्ट्राची राजधानी. तिथे त्याचा पुतळा उभा आहे. आणि त्या राष्ट्राची अध्यक्ष तीच तांडी, आता थकलेली म्हातारी. त्याला डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी, पुतळा मात्र सगळ्यांचा.

पुतळा दिसला तेव्हा मी मुलाला खेळ थांबवायला सांगितलं. त्याला कारण सांगितलं नाही, ते इथे लिहितो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावाने तिथल्या दिवंगत शिक्षकांच्या अर्धपुतळ्याचं काम मला दिलं होतं. हातात फोटो एकच, ओळखपत्राचा. त्यात सरांच्या डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, त्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मी तो दोऱ्यासकट घडवला. समितीची माणसं पाहायला आली आणि म्हणाली, चष्मा काढा, छाती थोडी भरदार करा, सर थोर होते. मी चष्मा काढला. छातीही भरली. अनावरणाला सरांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांनी हार घातला, बराच वेळ पाहत राहिल्या आणि काही न बोलता खुर्चीवर जाऊन बसल्या. ते माझ्या हातून व्हायला नको होतं.

लेखकाने बाहुलं म्हटलं, ते ‘फॉलआउट’च्या या नायकासारख्यांनाच. मी ज्याला तळघराबाहेर घालवलेलं पाहिलं, त्याचाच पुतळा मी पाहत होतो. पुतळ्यात काय उरलं नाही हे त्या शहरातल्या कुणापेक्षाही मला जास्त माहीत होतं. माणूस आधी आणि पुतळा नंतर, दोन्ही एकाच डोळ्यांनी पाहायला मिळण्याची सोय मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाही.

‘झेल्डा’ या गेमच्या मालिकेचंही तसंच. १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये ज्या मुलाला घेऊन आपण राज्य वाचवतो, तो २००२ च्या ‘विंड वेकर’मध्ये जुनी आख्यायिका झाला आहे. संकट पुन्हा आलं, लोकांनी त्याची वाट पाहिली, तो आला नाही आणि राज्य समुद्राखाली गेलं. उरलेल्या एका बेटावर मुलगा त्या वीराच्या वयाचा झाला की त्याला त्याच्यासारखे हिरवे कपडे घालतात. आजी मोठ्या मायेने ते कपडे नातवापुढे धरते आणि नातवाचं तोंड उतरतं. तलवार शिकवणं कधीच बंद पडलं, भिंतीवर ढाल टांगायची रीत तेवढी टिकली. पुढे पाण्याखालच्या राजवाड्यात त्याच वीराचा भव्य पुतळा आहे, तो सरकला की खाली जायचा जिना दिसतो. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

‘ड्रॅगन क्वेस्ट’बद्दल मुलाने नुसतं सांगितलं. १९८६ च्या पहिल्या भागात नायक लोटो नावाच्या प्राचीन वीराचा वंशज असतो. १९८८ चा तिसरा भाग संपता संपता कळतं की आपण इतका वेळ खेळत होतो तो स्वतःच लोटो.

आणि हे काही आपल्याला परकं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती परवाच झाली. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत पोट्टे मागे धावतात. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बाकाबाई भोसले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाकाबाई नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांची राणी. १८१८ मध्ये तेव्हाचे राजे आप्पासाहेब यांना इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या नावाने तिने कारभार पाहिला, रेसिडेंट म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या नजरेखाली. त्या बाईची भीती, तिचा हिशेब, तिचा नाइलाज त्या काळ्या पुतळ्यात कुठे आहे? मिरवणुकीत उभं राहून मी यंदा पहिल्यांदा हा विचार केला, आणि तो या खेळांमुळे केला.

तेव्हा विनंती एवढीच. नाटकाचं परीक्षण तिसरा अंक पाहिल्याशिवाय कुणी लिहीत नाही. गेमवर लिहायचं तर शेवटपर्यंत खेळलेल्याकडून लिहून घ्यावं, नागपुरात अशी मुलं भरपूर आहेत. लेखकमहोदयांनाही आमच्याकडे यायचं निमंत्रण देतो. दिवाळीनंतर आमच्या हाताला काम कमी असतं. मुलगा ‘फॉलआउट’चे दोन्ही भाग दाखवायला तयार आहे, फक्त पहिल्यापासून पाहावं लागेल, एकदम दुसरा लावून चालणार नाही.

आपला,
एक मूर्तिकार, चितार ओळ, महाल, नागपूर