एक नळ आणि एक झाकण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं आमच्या मोटारहोमने साताऱ्याहून कन्याकुमारीला जाऊन आलो. एकोणीस दिवस, तीन हजार किलोमीटरच्या वर. देवदर्शन झालं, समुद्र पाहिला, माणसं चांगली भेटली. पण एका गोष्टीने वाटभर इतकं जेरीस आणलं, की ती लिहून कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायला या देशात जागा नाही. विषय वाचून कुणी नाक मुरडेल, तरी लिहिते.

हे एस.टी.च्या वर्कशॉपला मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर यांनी जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि आत पलंग, ओटा, सिंक, एवढासा संडास असं सगळं बसवून घेतलं. आरटीओची परवानगी, तपासणी, पुस्तकात बदलाची नोंद यात सात महिने गेले. ही हौस म्हणून केलेली गाडी नव्हे. यांना साखर आहे, दर दीड तासाने थांबावंच लागतं. आणि माझं म्हणाल तर मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, दरवर्षी मुलींच्या सहली नेल्या आणि प्रत्येक सहलीत दिवसभर पाणी न पिता राहिले. हायवेवर बाईमाणसाची काय अवस्था होते, हे बाईलाच ठाऊक. गाडीत स्वतःचा स्वच्छ संडास असणं म्हणजे काय, ते मला साठीनंतर कळलं.

बाकीच्या अडचणी आम्ही सोसल्या. रंग न मारलेल्या गतिरोधकावर कपाटाचं मॅग्नेट सुटलं आणि अर्धा किलो हळद गादीवर, पडद्यावर, यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. तेव्हापासून जुन्या साडीच्या पट्ट्यांनी कपाटं बांधून ठेवते. दोनशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. एसी तासाला एक युनिट खातो, म्हणजे करूरच्या उकाड्यात दोन तास गारवा आणि मग रात्रभर खिडक्या उघड्या टाकून डास. चित्रदुर्गाच्या पुढे भरून घेतलेलं पाणी इतकं क्षाराचं, की चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसला. रात्री पंपावर गाडी लावली की कुणीतरी टॉर्च मारून विचारायचंच, आत कोण आहे? त्यांचंही चुकत नाही. माणसं गाडीत राहतात, हे अजून आपल्याकडे अंगवळणी पडलेलं नाही.

पण टाकीचं काय करायचं? ती वीस लिटरची असते, खाली चाकं असतात, प्रवासी बॅगेसारखी ओढत नेता येते. दोन माणसांना दोन, फार तर अडीच दिवस पुरते. हुबळीच्या पुढे एका पंपावर यांनी मॅनेजरला हात जोडून विचारलं, तुमच्या संडासात ओतू का, नंतर आम्हीच धुऊन देतो. तो नाही म्हणाला. त्याची भीतीही खोटी नव्हती. बाजारात अशा टाक्यांसाठी जी औषधं मिळतात, त्यांतल्या काहींत फॉर्मॅलिन असतं. ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि मग टँक तुंबतो. आम्ही ते वापरत नाही, जिवाणूंचंच द्रावण घालतो. पण हे भर दुपारी, मोडक्या हिंदीत, डिझेलच्या रांगेत उभ्या माणसाला कसं पटवून द्यायचं?

पंपावरच्या पोराने मागचा ओढा दाखवला. सगळे तिथंच टाकतात, म्हणाला. मी बघायला गेले. उन्हाळ्याने ओढा आटला होता, एका डबक्यात पाणी होतं आणि तिथं एक बाई दगडावर लुगडं आपटत होती. तिचं तान्हं पोर शेजारी पाटीत झोपलेलं. मी परत आले आणि यांना म्हटलं, चला.

ती भरलेली टाकी घेऊन आम्ही एकशे नव्वद किलोमीटर गेलो. शेवटी एका तालुक्याच्या बसस्टँडवर सशुल्क शौचालय होतं, तिथल्या म्हाताऱ्या बाईने ऐकून घेतलं. ती कानडीत बोलत होती, मी मराठीत. तिने खुणेने सांगितलं, गर्दी ओसरू दे. नऊनंतर आम्ही टाकी ओतली, तिने स्वतः दोन बादल्या पाणी टाकलं आणि नेहमीचे पाच रुपये घेतले. जास्त देऊ केले तर हात मागे घेतला. तिला मी विसरणार नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन, म्हणजे आमच्यासारख्या राहत्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन पार्कचं मोठं स्वप्न जेव्हा पुरं होईल तेव्हा होवो. आमच्यासारख्यांना कारंजी आणि हिरवळ नको. एक पाण्याचा नळ आणि सिमेंटच्या ओट्यात लोखंडी झाकण असलेलं एक तोंड, जे खालच्या टाकीत उतरतं, एवढं पुरे.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात सगळ्यांत सोपं आहे. वाईत मैल्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प २०१८ पासून आहे. घरोघरच्या सेप्टिक टँकमधला मैला ठरावीक वर्षांनी गाडीने उपसून तिथं नेतात, नदीत सोडत नाहीत. हायवेच्या सुरूर फाट्यापासून वाई कितीशी लांब! कराड तर हायवेवरच आहे, आणि स्वच्छतेत एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली देशात पहिलं आलेलं गाव आहे. माउलींची पालखी लोणंद, फलटणला येते तेव्हा फिरते संडास येतात, त्यांचा मैला उपसून नेणाऱ्या गाड्याही येतात. म्हणजे अनुभव आहे, गाड्या आहेत. शिवाय वाई-मेणवलीला चित्रीकरणासाठी येणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनमध्येही असे संडास असतातच. त्यांनाही ही सोय लागेलच की.

माझी नगरपरिषदांना आणि पर्यटन विभागाला कळकळीची विनंती आहे. सुरूर फाटा आणि कराड, या दोन ठिकाणी अशी जागा करा, वर ठळक पाटी लावा, खाली संपर्काचा नंबर द्या. फुकट नको. प्रत्येक वेळी शंभर रुपये लावा, आम्ही आनंदाने देऊ. दिवाळीनंतर आम्ही नर्मदेकडे निघणार आहोत. तोवर निदान एका ठिकाणी झाकण बसलं, तर उद्घाटनाचा नारळ मी घेऊन येईन.

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
शाहूपुरी, सातारा