पुसलेल्या टेपा आणि माळ्यावरचे डबे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश टीव्हीवरच्या जुन्या विविधरंगी करमणुकीच्या कार्यक्रमांवर आलेला लेख मनापासून आवडला. गाणी, नाच, नकला, जादू, कसरती असे सगळे एका तासात मांडणाऱ्या त्या कार्यक्रमांबद्दल मराठीत फारसे कुणी लिहीत नाही. लेखातल्या एका विधानाबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. साठच्या दशकातली बहुतेक चित्रमुद्रणे काळाच्या ओघात नाहीशी झाली, असे लेखकाने म्हटले आहे. ती काळाने नेलेली नाहीत. नोकरीवरच्या माणसांनी, रीतसर मंजुरी घेऊन, कामाच्या वेळात ती पुसली.

माझी सगळी नोकरी मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये झाली, त्यामुळे या विषयाकडे मी प्रेक्षकापेक्षा रिळे हाताळणाऱ्याच्या नजरेने पाहतो.

मुळात जे कधी रेकॉर्डच झाले नाही, त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. बीबीसीची टीव्ही सेवा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी करमणुकीचा कार्यक्रम झाला. पण सगळे थेट प्रक्षेपण. कॅमेऱ्यापुढे घडले, घरोघरी दिसले आणि संपले. १९४७ च्या सुमारास टीव्हीच्या पडद्यापुढे फिल्म कॅमेरा लावून चित्र टिपायची सोय झाली, तरी तो खर्च मोजक्याच कार्यक्रमांवर होई.

खरे नुकसान झाले ते रेकॉर्डिंग सोपे झाल्यावर. १९५८ पासून ब्रिटनमध्ये दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप आली. ती महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. या दोन गुणांनी घात केला. त्यात कलाकार आणि वादक यांच्या संघटनांचे करार असे होते की पुनःप्रक्षेपणावर बंधने होती आणि त्याचे वेगळे पैसे द्यावे लागत. त्यामुळे एकदा दाखवून झालेली टेप कपाटात अडवून ठेवण्यात हिशेबनिसाला काही अर्थ दिसत नसे. पुढे पडद्यावरचे ४०५ आडव्या रेषांनी बनणारे चित्र जाऊन ६२५ रेषांचे आले, १९६९ च्या नोव्हेंबरात मुख्य वाहिन्या रंगीत झाल्या आणि जुने कृष्णधवल कार्यक्रम आता कोण बघणार, असे कारण आयतेच मिळाले. बीबीसीत हे सत्र १९७८ पर्यंत चालले. आयटीव्ही, म्हणजे जाहिरातींवर चालणारी खासगी कंपन्यांची वाहिनी, तिची तऱ्हा वेगळी. तिथे परवाने बदलले की कंपन्या बंद पडत किंवा एकमेकींत विलीन होत आणि त्यांचे संग्रह या गोदामातून त्या गोदामात फिरत राहत.

लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहातून होणाऱ्या 'संडे नाइट ॲट द लंडन पॅलेडियम'चेच उदाहरण घ्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, आयटीव्ही सुरू झाली त्याच आठवड्यात, टॉमी ट्रिंडर यांच्या सूत्रसंचालनाखाली हा कार्यक्रम सुरू झाला. रविवारची रात्र म्हणजे पॅलेडियम, असे समीकरण त्याने वर्षानुवर्षे टिकवले. शेवटी सगळे कलाकार फिरत्या रंगमंचावर उभे राहून प्रेक्षकांचा निरोप घेत. १३ ऑक्टोबर १९६३ रोजी तिथे बीटल्स आले. सुमारे दीड कोटी लोकांनी ते पाहिले, बाहेर रस्त्यावर पोरींचा गोंधळ उडाला आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत 'बीटलमेनिया'ची चर्चा सुरू झाली. त्या रात्रीचे चित्र आज उपलब्ध नाही. आवाज आहे. त्यातले एक गाणे बीटल्सच्या १९९५ च्या 'अँथॉलॉजी' या गाण्यांच्या संचात ऐकायला मिळते. १९६३ च्याच डिसेंबरात हेच चौघे मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीच्या कार्यक्रमासाठी उभे राहिले, तो भाग मात्र चित्रासकट शाबूत आहे. म्हणजे निवड करून काही जपले, असेही नाही. जे राहिले ते राहिले.

त्याच पॅलेडियमचा ३ डिसेंबर १९६१ चा भाग सुदैवाने वाचला आहे. 'ईक्विटी' या कलाकारांच्या संघटनेचा आयटीव्हीविरुद्ध संप चालू होता, कार्यक्रमाला माणसे मिळेनात. तेव्हा सूत्रसंचालक ब्रूस फोर्साइथ आणि विनोदी नट नॉर्मन विस्डम या दोघांनीच सगळा तास मारून नेला. ज्यांना दूरदर्शनवरच्या 'गजरा'चे दिवस आठवतात त्यांनी हा भाग जरूर पाहावा. भरल्या थिएटरला दोन माणसे हुकमी कशी धरून ठेवतात, हे त्यात दिसते आणि असे किती तास पुसले गेले असतील या विचाराने जीव तुटतो.

त्या काळी कुणाला किंमत कळली नव्हती, हा बचाव मला पटत नाही. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी जोडीला कळली होती. त्यांच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या मालिकेच्या टेपा पुसल्या जाणार असे कळल्यावर त्यांनी टेपांचा खर्च स्वतः सोसायची तयारी दाखवली होती. बीबीसीने ती नाकारली. कलाकार खिशात हात घालायला तयार असताना संस्थेने नाही म्हणावे, याला अज्ञान म्हणायचे का?

मग जे आज आहे ते कुणामुळे? बरेचसे संस्थेच्या दाराबाहेर असलेल्यांमुळे. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी कार्यक्रमांच्या १६ मिमी फिल्मवर प्रती काढल्या जात. दाखवून झाले की प्रत पुढच्या देशाला पाठवायची, परत करायची किंवा नष्ट करायची, असा करार असे. कुठे कुणी तिन्हीपैकी काहीच केले नाही आणि म्हणून ती वाचली. लंडनमधले छायाचित्रकार जॉन क्युरा १९४७ पासून सुमारे वीस वर्षे टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून कलाकारांना विकत. अनेक कार्यक्रमांचा आज तेवढाच दृश्य पुरावा उरला आहे. विनोदवीर बॉब मंकहाउस यांनी १९६६ पासून घरी व्हिडिओ रेकॉर्डर लावून टीव्ही टिपून ठेवला. फिल्मसंग्रहापायी त्यांना १९७९ मध्ये कोर्टाची पायरीही चढावी लागली, त्यातून ते निर्दोष सुटले. त्यांच्या निधनानंतर 'कॅलिडोस्कोप' या संस्थेने तो प्रचंड संग्रह तपासला आणि हरवलेले मानले गेलेले बरेच काही त्यात हाती लागले. एरिक मोरकम यांच्या मुलाला आईच्या घराच्या माळ्यावर मोरकम-वाइज कार्यक्रमाच्या ८ ऑक्टोबर १९७० च्या भागाची फिल्म सापडली, ती २०२१ च्या नाताळला बीबीसीने दाखवली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून अशा सापडलेल्या कार्यक्रमांचे खास खेळ लावते आहे.

पण सापडणे म्हणजे वाचणे नव्हे, आणि इथे माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. ॲसिटेट या प्लास्टिकवर बनवलेली फिल्म उष्णतेत आणि दमटपणात आतून कुजते. डबा उघडताच व्हिनेगरचा झणझणीत दर्प नाकात जातो. मग फिल्म आकसते, वळते, पदर एकमेकांना चिकटतात आणि शेवटी सगळे रीळ गुळाच्या ढेपेसारखे घट्ट होते. आमच्याकडे असे रीळ आले की वरिष्ठ मान हलवून ते बाजूला ठेवत, त्यापुढे इलाज नव्हता. मोरकम-वाइज यांच्या बीबीसीवरच्या पहिल्या, १९६८ च्या मालिकेतला एक भाग पश्चिम आफ्रिकेतून परत आला तो याच अवस्थेत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात दातांच्या संशोधनासाठी घडवलेले क्ष-किरण यंत्र होते. त्या ढेपेचे लेझरने तुकडे करून त्यावर ते धरले, तेव्हा फिल्म न उलगडताच आतल्या काही चौकटी पुन्हा डोळ्यांना दिसल्या. ही बातमी वाचली त्या दिवशी मला किती आनंद झाला, ते शब्दांत सांगता येत नाही. आम्ही बाजूला ठेवलेली ती रिळे आठवली.

आपल्या वाचकांत इंग्लंडमध्ये आणि पूर्व आफ्रिकेत राहून आलेली कुटुंबे आहेत. साठ-सत्तरच्या दशकात तिकडे गेलेले डॉक्टर, नर्स, इंजिनिअर आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांची घरे आवरायची वेळ आली आहे. अशा घरात १६ मिमीचा डबा निघाला, किंवा टीव्हीपुढे माइक धरून भरलेली स्पूलची टेप निघाली, तर ती भंगारात देऊ नका. टेपेवर नुसता आवाज असला तरी तो मोलाचा आहे, पॅलेडियमचे वर सांगितलेच. व्हिनेगरचा वास येत असेल तर तो डबा इतर फिल्मपासून वेगळा, कोरड्या आणि थंड जागी ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. चिकटलेले रीळ ओढून सोडवू नका. प्रोजेक्टरवर लावून बघायचा मोह तर मुळीच नको, एका फेरीत फिल्म फाटते. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला किंवा कॅलिडोस्कोपला कळवा. भारतीय फिल्म असेल तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो डबा कुठून आला हे आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. नुसत्या डब्यावरून तो कुठल्या वाहिनीचा, कुठल्या वर्षाचा, हे लावताना तज्ज्ञांचेही महिने जातात.

आपला,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ,
दादर, मुंबई