भुवईवरचे तीन टाके

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

डर्बनहून पाठवलेला फोटो आणि खालच्या चार ओळी मिळाल्या. फोटो छान आहे. मागे बंदराच्या क्रेन आहेत, तू हसते आहेस, आणि डाव्या भुवईवर पांढरी पट्टी. "लॅडरवरून घसरले, तीन टाके, काळजी नको. उद्या निघतोय, केपटाउनपर्यंत नेट नाही." पुढे सोनू कशी आहे, पंख्याचं झालं का, आत्याचा रिपोर्ट आला का. सोनू बरी आहे. पंखा झाला. रिपोर्ट आत्याने अजून आणलेलाच नाही, का ते तुला माहीत आहे.

टाक्यांबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. जहाजावर डॉक्टर आहे, तू ऑफिसर आहेस, मी मध्ये बोलणारा कोण. एवढंच म्हणतो की लॅडरवरून माणूस घसरतो तेव्हा नडगी सोलवटते, नाहीतर पाठ शेकून निघते. वीस वर्षांच्या नोकरीत असे पंधरा-वीस जण पाहिले, त्यात दोनदा मी स्वतः. भुवई फुटलेला एकही आठवत नाही. चढता चढता तोंडावर आपटलं तर फुटू शकते म्हणा. असो.

गंमत बघ, हे पत्र तू केपटाउनला टेकल्यावर वाचणार. म्हणजे मी आज जी काळजी करतोय ती तोवर शिळी झालेली असेल. तरी लिहितोय, कारण रात्री साडेतीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. तुमचे बारा वाजले की इथे साडेतीन. तुझी मिडल वॉच, मध्यरात्रीची पाळी, सुरू होते ती वेळ. आई म्हणते, वय झालं की होतं असं. मी हो म्हणतो.

मी स्वतः मॉरिशसच्या खाली कधी गेलो नाही. पण त्या किनाऱ्याबद्दल आमच्या मेसमधले जुने लोक बोलायचे ते डोक्यात पक्कं बसलंय. अगुल्हासचा प्रवाह किनाऱ्याला धरून नैर्ऋत्येकडे धावतो, जोरात असला तर चार-पाच नॉट. आणि आता जुलैत तिकडे हिवाळा. पश्चिमेकडून एकामागून एक वादळी पट्टे येतात. आधी ईशान्येचा वारा चढतो, बॅरोमीटर खाली खाली जातो, मग जरा पडल्यासारखं होतं, आणि एकदम नैर्ऋत्येकडून वारा अंगावर येतो. पाणी एका दिशेला, वारा बरोबर त्याच्या तोंडावर. लाटा जवळ जवळ येतात आणि उभ्या राहतात. लांब लाटेवर जहाज चढतं आणि उतरतं. या लाटेत ते चढतं आणि पुढे उतरायला पाणीच नसतं, खड्डा असतो. म्हणून वारा फिरला की २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याच्या अंगाला सरकायचं, तिथे प्रवाहाचा जोर कमी. हे मी तुला शिकवतोय! तुम्हाला ब्रिजवर, सुकाणूपाशी, चार्ट, सॅटेलाइट, सगळं आहे. पण १९०९ च्या जुलैमध्ये वाराता नावाची नवीकोरी आगबोट याच डर्बनहून याच केपटाउनला निघाली होती, २११ माणसं घेऊन, आणि

हे नको होतं लिहायला. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस, लहानपणापासूनची खोड. ते जहाज शंभर वर्षांपूर्वीचं होतं, त्यावर वायरलेससुद्धा नव्हता. तुमचं वेगळं.

दुसरं काहीतरी लिहितो. केप अगुल्हास गेलं का दिवसा? आफ्रिकेचं टोक ते, केप ऑफ गुड होप नव्हे, लोक उगाच त्याला टोक समजतात. तिथे २० अंश पूर्व रेखांश ओलांडला की हिंदी महासागर संपला, अटलांटिक सुरू. अगुल्हास म्हणजे पोर्तुगीजमध्ये सुया. पूर्वी तिथे होकायंत्राची सुई अगदी खऱ्या उत्तरेला धरून राहायची म्हणे, म्हणून ते नाव. आपल्या घरातल्या कोणी हिंदी महासागराची हद्द ओलांडली असेल असं माझ्या बापाला सांगितलं असतं तर त्याने आधी माझं तोंड हुंगलं असतं.

मनू, एक तुला कधी सांगितलं नाही. एझिमळच्या नौदल अकादमीत तुझ्या खांद्यावर ऑफिसरच्या पट्ट्या लावताना माझा हात थरथरला, त्याचं कारण ऊन नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीत वॉर्डरूमचं, ऑफिसरांच्या मेसचं, दार वाजवून मी बाहेर उभा राहिलो. आत हसण्याचा आवाज यायचा, काटे-चमचे वाजायचे, कोणीतरी येऊन कागद घेऊन जायचं. त्या दिवशी मी तुला सॅल्यूट केला आणि तू म्हणालीस, बाबा, हात खाली घ्या ना, लोक बघतायत. मला लोकांनी बघायलाच हवं होतं.

आणि त्याआधीचं, २०१७ चं. तारिणीवरून नौदलाच्या सहा जणी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, ५६ फुटी शिडाच्या बोटीतून. २५४ दिवस. केप हॉर्नला वळसा घालून परत. तू कपाटाच्या आतल्या बाजूला त्यांचं कात्रण चिकटवलंस आणि आईने गोंदाच्या डागावरून तुला बोलून घेतलं. तो डाग अजून आहे. मी तेव्हा आईची बाजू घेतली, पण डागावरून नाही. मला माहीत होतं हे कात्रण कुठे जाणार ते.

आता सांगतोच. तो पण जुलैच होता, अरबी समुद्रातला. मी तेवीस वर्षांचा, लग्नाला सात महिने झालेले. तीन दिवस जहाज असं लोळत होतं की जेवणाच्या टेबलावर चादर ओली करून टाकायचो, ताटं सरकू नयेत म्हणून. गादीच्या कडेखाली लाइफजॅकेट कोंबून माणूस भिंतीत चेपून झोपायचा. संध्याकाळीच पुकारलं होतं, अपर डेक आउट ऑफ बाउंड्स, वर उघड्यावर कोणी जायचं नाही. आणि आमच्या मेसच्या बरोब्बर डोक्यावर फायर होजच्या पेटीचं झाकण सुटलं होतं. प्रत्येक रोलला धाड. दहा सेकंद शांत. धाड. दोन वाजेपर्यंत ऐकलं. मग उठलो, वाऱ्याच्या आडोशाचं दार उघडलं आणि गेलो. हार्नेस नाही, लाइफजॅकेट नाही. एका खिळीचं काम, अर्धा मिनिट.

झाकणापर्यंत पोचलो होतो. जहाज कललं, परत सरळ व्हायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, आणि पाणी आलं. आवाज नाही, फेस नाही. अख्खं काळं पाणी, कमरेला लागलं आणि पाय डेकवर राहिलेच नाहीत. भान आलं तेव्हा एक पाय कठड्याच्या दोन तारांमधून बाहेर होता आणि डावा हात खांबाला असा गुंडाळलेला की सोडवताना उजव्या हाताने बोटं एकेक करून उघडावी लागली. एक बूट गेला. लग्नात मिळालेलं घड्याळ गेलं.

खाली आलो, कपडे बदलले, पडलो. वर झाकण चालूच होतं. धाड.

तेव्हा भीती वाटली नाही. वाटली चौथ्या दिवशी, चहा पिताना. मी वाहून गेलो असतो तर कळलं असतं सकाळच्या हजेरीला, माझी जागा रिकामी दिसली तेव्हा. तोवर जहाज साठ-सत्तर मैल पुढे. मी बाहेर आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, मनू. लाटेचं एवढं काही नाही. हे जे आहे ना, कोणालाच माहीत नसणं, ते मला आजही साडेतीनला उठवतं.

म्हणून विचारतो. तू बाहेर गेली होतीस का? आणि गेली असशील तर ब्रिजला सांगून गेली होतीस का? दोनच प्रश्न. तुझ्या हाताखाली आता माणसं आहेत, त्यांच्यातला कोणी असाच झाकण लावायला निघेल तेव्हा तुला त्याच्या अंगातला हार्नेस ओढून बघायचा आहे, क्लिप अडकलीय की नुसती लोंबकळतेय ते. आणि जी ऑफिसर स्वतः तशीच जाते तिचं कोण ऐकणार? शिस्त म्हणजे काही

बघ, सुरू झालो. सोनू म्हणते बाबांना डेकवर उभं केलं की भाषण आपोआप सुरू होतं. माफ कर. तू घसरली असशील लॅडरवरूनच. माणूस कसाही पडू शकतो.

उलट्या थांबल्या का? त्याची लाज धरू नकोस. इंग्रजांचा एवढा मोठा अ‍ॅडमिरल नेल्सन, त्यालाही शेवटपर्यंत बोट लागायची. पोट रिकामं ठेवू नकोस, कोरडं काहीतरी खिशात असू दे, आणि ब्रिजवर असशील तेव्हा नजर क्षितिजावर. पुढचा टप्पा मोठा आहे. केपटाउन ते रिओ तीन हजार सागरी मैलांहून जास्त. पण जसजसे उत्तरेकडे चढाल तसा समुद्र बरा होत जाईल, अल्बट्रॉस मागे राहतील. ते पक्षी दिसले का? पंख न हलवता तासन् तास मागे येतात म्हणतात. मला बघायचे होते. एखादा फोटो काढ, आतून, काचेतून.

घड्याळाचं आईला काही बोलू नकोस. बंदरात चोरीला गेलं असं सांगितलंय, आता बत्तीस वर्षं झाली त्याला. तुझं पण लॅडरच सांगितलंय मी तिला. तिने तुझा फोटो दोन बोटांनी मोठा केला, पट्टीवर बराच वेळ थांबली, मग फोन परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लॅडर का. घड्याळ चोरीला गेलं तसंच." आणि गॅस बघायला आत गेली.

टाके केपटाउनला काढणार की त्याआधीच, ते कळव. ओलं होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा