उपविधी दुरुस्ती अडते ती नोटिशीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या कित्येक जुन्या गृहनिर्माण संस्था अजून नोंदणीच्या वेळच्याच उपविधींवर (संस्थेच्या कारभाराच्या नियमांवर) चालतात. मधल्या काळात सहकारी संस्थांबद्दलची ९७ वी घटनादुरुस्ती झाली, २०१३ मध्ये सहकार कायदा बदलला, २०१४ चे आदर्श उपविधी (सहकार खात्याचे नमुना नियम) आले आणि २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं. उपविधी बदलले पाहिजेत, हे बहुतेक सभासदांना पटतं. गाडी अडते ती कागदांत, म्हणून हे पत्र.

आधी आपली सहकारी संस्था आहे की अपार्टमेंट, हे नोंदणीच्या कागदावर पाहा. पाटीवर ‘सोसायटी’ लिहिलेलं असतं आणि दप्तरात निघतं १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं घोषणापत्र. तिथे उपविधी त्या घोषणापत्राचा भाग असतात. त्यामुळे नुसत्या ठरावाने भागत नाही, घोषणापत्राचीच दुरुस्ती करून ती नोंदवावी लागते. पुढचं सगळं सहकारी संस्थांबद्दल आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो सभेच्या नोटिशीत. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या खात्यात उपविधी दुरुस्ती घुसडली, की ती तिथेच बाद. दुरुस्तीचा प्रस्ताव सभेच्या १४ दिवस आधी प्रत्येक सभासदाला मिळायला हवा, तोही मजकुरासकट. जुनं कलम डावीकडे, नवं उजवीकडे आणि खाली बदलाचं कारण, असा तक्ता केला तर सभेत निम्मे वाद होत नाहीत. फ्लॅट भाड्याने देऊन पुण्या-नाशिकला राहणाऱ्यांना नोटीस पोचल्याचा पुरावा ठेवा. नंतर तक्रार बहुधा त्यांच्याकडूनच येते, आणि वॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणांवर विसंबून चालत नाही. पोचपावतीची वही फिरवा, बाहेरगावी स्पीड पोस्टाने पाठवा.

ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मतं लागतात, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश नव्हे. ६० सभासदांपैकी ३६ आले आणि ३० जणांनी मत दिलं, तर २० मतं पुरतात. मात्र इतिवृत्तात एकूण सभासद, हजर, बाजूने, विरोधात हे आकडे हवेत. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर कागद परत येतो. सभेपासून दोन महिन्यांच्या आत सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात अर्ज द्यायचा. सोबत जुनं कलम, बदलाची कारणं, नोटिशीची आणि ठरावाची प्रत, अधिकृत पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी नव्या मजकुराच्या चार प्रती. नोंदणी होईपर्यंत नवं कलम अस्तित्वातच नसतं. त्याच्या जोरावर आधीच लावलेला दंड टिकत नाही.

आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारणं सोपं, पण त्यातल्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय पाठवू नका. पत्ता, कार्यक्षेत्र, थकबाकीवरचं व्याज हे सभेने ठरवायचं असतं. व्याज सरळ व्याजाने वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, म्हणजे तेवढंच लावावं असं नाही.

पैशांची कलमं नीट वाचा, कारण जुन्या उपविधींत मनमानी तिथेच असते. भाडेकरू ठेवल्यावरचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. सेवाशुल्क म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च वगैरे. मेंटेनन्स २००० आणि त्यात सेवाशुल्क ८०० असेल, तर शुल्क ८० होतं, २०० नव्हे. फ्लॅट विकताना घ्यायचा हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत कमाल २५,००० रुपये. ‘इमारत विकासासाठी देणगी’ म्हणून त्यावर उकळलेली रक्कमही बेकायदाच. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) मात्र आपल्याकडे गोळाच होत नाही. जमिनीची किंमत सोडून बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी, आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. तो नसला की गच्ची गळायला लागल्यावर एकदम मोठी वर्गणी काढावी लागते आणि भांडणं होतात.

आता आपल्या उन्हाळ्याचं. आदर्श उपविधींत पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार यांवर वाटली जाते. कूलर थेट नळाला जोडला, तर तो नळ मोजायचा की नाही, हे लिहून ठेवा. कूलरमधलं पाणी थांबवणारा फ्लोट अडकला की रात्रभर पाणी डक्टमध्ये गळतं, टाकी रिकामी होते, खालच्याच्या भिंतीला पोपडे येतात आणि टँकर सगळ्यांच्या खर्चाने येतो. खर्च कोणाचा, हे नियमात असलं तर सचिवाला दारोदार फिरावं लागत नाही.

गच्चीचंही तसंच. गच्चीवरच्या सौर पॅनलसाठीच्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सामायिक वापरासाठी गृहनिर्माण संस्थांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाच्या बिलासाठी ते घ्यावंच. पण पॅनल बसवताना टाक्यांभोवती माणूस फिरेल एवढी वाट, आणि एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडयांच्या वाळवणासाठी एक कोपरा, नकाशावर आखून सभेत मंजूर करा. तोंडी ठरलेल्या कोपऱ्यावर पुढच्या वर्षी दोन घरं हक्क सांगतात, हे सांगायला नकोच.

पार्किंगबद्दल फार वाद नको. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिच्यातच हा विषय ठेवायचा, तर मसुदा जुलैत तयार हवा आणि ऑगस्टअखेर तो प्रत्येक सभासदाच्या हातात पडायला हवा.

आपले,
गृहनिर्माण संस्थांचे काही सभासद, जळगाव