गुण्यागोविंदाने राहणाऱ्या चौदा माशांबाबत तक्रार

सोलापूर
दि. 14 मे 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘बिगिनर कम्युनिटी कॉम्बो’ या नावाखाली एकत्र न राहू शकणारे मासे विकल्याबाबत, तसेच सकर मासा परत नेण्याबाबत.

महोदय,

9 नोव्हेंबर 2024 रोजी मी आपल्या संकेतस्थळावरून दीड फुटी काचेची टाकी, फिल्टर, हीटर आणि चौदा माशांचा संच मागवला. संचात सहा निऑन टेट्रा, तीन टायगर बार्ब, दोन एंजल, दोन गोल्डफिश आणि एक सकर होता. माशांचे 1,340 रुपये वेगळे लावलेले आहेत, बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पानावर लिहिले होते, “हे सर्व मासे लहान टाकीत गुण्यागोविंदाने राहतात.” आज चौदांपैकी चार उरले आहेत आणि त्या चौघांचेही आपसात पटत नाही.

मासे मरतात हे मला कळते. वाटेत एखादा दगावला असता तर मी हे पत्र लिहायला बसले नसते. पिशव्या नीट बांधलेल्या होत्या, सगळे जिवंत पोहोचले. माझी तक्रार तुम्ही एका काचेत कोंबलेल्या गोतावळ्याबद्दल आहे.

माझी सातवीतली मुलगी पहिल्या दिवसापासून वहीत नोंदी ठेवते. खालचा हिशेब तिच्या वहीतला आहे.

टाकी 18 इंच लांब, 10 इंच रुंद, 12 इंच उंच. काठोकाठ भरली तरी 35 लिटर. तळाशी खडे आणि वरची मोकळी जागा सोडली की जेमतेम दोन बादल्या पाणी. तुमच्या पुस्तिकेप्रमाणे आम्ही त्याच संध्याकाळी मासे सोडले आणि दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात, हे मला नंतर समजले. म्हणजे आम्ही दर रविवारी नेमाने त्यांचा निकाल लावत होतो. सहाव्या दिवशी दोन निऑन गेले. अकराव्या दिवशी सकाळी दोन्ही गोल्डफिश पृष्ठभागाशी तोंडे उघडीमिटी करत होते, दुपारपर्यंत संपले.

गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. वीस अंशांच्या आसपास खूश असतो, खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो. वाढला की तो एकटाच या टाकीला भारी. त्याच्याच संचात तुम्ही 26 अंशांवर लावायचा हीटर दिलात, कारण बाकीचे मासे उष्ण पाण्यातले. कोणाच्या सोयीने पाणी तापवायचे होते?

टायगर बार्बचे तर विचारूच नका. हा मासा सहा-आठांच्या घोळक्यात ठेवला तर आपापसात खोड्या काढत राहतो. तिघेच असले की दोघे मिळून तिसऱ्याला धरतात आणि उरलेल्या वेळात ज्याचे पर लांब त्याच्या मागे लागतात. आमचा तिसरा बार्ब डिसेंबरातच गेला. लांब परांचे म्हणून टाकीत होते एंजल. झेंड्यासारखे त्यांचे पर जानेवारीपर्यंत कुरतडून चिंध्या झाले होते. रात्री सकर त्यांच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडायचा. एप्रिलात त्यातला एक एंजल बुरशी लागून मेला.

एंजललाही मी साधू म्हणत नाही. आला तेव्हा तो पाच रुपयांच्या नाण्याएवढा होता. मधल्या काळात आणखी एक निऑन गेला होता, उरलेले तीन मार्चच्या एका आठवड्यात दिसेनासे झाले. मुलीने सगळे खडे उपसून शोधले. मग आम्ही एंजलच्या तोंडाचा आकार पाहिला. तोंडात मावेल तो मासा त्याच्यासाठी सोबती नसतो, खाऊ असतो. पिशवीतल्या मापावरून तुम्ही जोड्या जमवल्या. पूर्ण वाढलेल्या मापावरून जमवायला हव्या होत्या.

शिवाय निऑन मूळचा अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला. आमच्या पाण्याने कुकरच्या तळाशी पांढरा थर बसतो. तुम्ही पिनकोड विचारता, पाणी कसे आहे ते विचारत नाही. “पाणी वारंवार बदला” हा तुमचा सल्लाही आम्हाला कितपत पाळता येणार? सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो.

आता सकरबद्दल, कारण पत्राचे खरे निमित्त तोच आहे. तुम्ही त्याला ‘टाकी साफ करणारा, वेगळे खाणे लागत नाही’ असे म्हटले होते. दोन इंचांचा आला, आज साडेसहा इंचांचा आहे आणि हा मासा फूटभराच्याही पुढे वाढतो. दहा इंच रुंदीत त्याला वळायला लवकरच जागा उरणार नाही. काकडीच्या चकत्या तो रात्रीत फस्त करतो आणि सकाळी टाकीत सर्वांत जास्त घाण त्याचीच असते. याबद्दल 2 मे रोजी विचारले तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने चॅटवर लिहिले, “जवळच्या तलावात किंवा नदीत सोडून द्या.” त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. साहेब, आमच्या पिण्याचे पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून येते. हाच सकर उजनीत माजल्याची तक्रार तिथले मच्छीमार करत आले आहेत. तो जाळ्यात अडकला की त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटते आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आणि तुम्ही तोच आणखी एक भीमेत टाकायला सांगता.

आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला टाकी दाखवली. तो हसला नाही, एवढेच. म्हणाला, या मापात आणि या पाण्यात सहा-सात गप्पी, तेही फक्त नर, नाहीतर महिन्याभरात पिल्ले मोजत बसाल. मग महिनाभर आधी टाकी चालू ठेवून मासे एकदम न सोडता दोन-तीन करून सोडायचे. हे एवढे तुमच्या पानावर असते तर मी तेच मागवले असते. तुमचा धंदा थोडा कमी झाला असता, हे मान्य.

माझे म्हणणे असे: माशांचे 1,340 रुपये परत करावेत. सकर मासा तुमच्या खर्चाने परत न्यावा, किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाकडे तो जाईल अशी व्यवस्था करावी. आणि त्या संचाच्या पानावरून ‘गुण्यागोविंदाने’ हा शब्द काढून प्रत्येक माशाची पूर्ण वाढ, लागणारे तापमान, किमान किती संख्येने ठेवायचा आणि किमान किती लिटरची टाकी लागते हे लिहावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दाद मागेन. वहीची छायाप्रत तेव्हाही जोडीन.

उत्तर देताना कृपया ‘जिवंत पोहोचण्याची हमी 24 तासांचीच’ हे वाक्य पुन्हा पाठवू नये. ते मला जानेवारीत दोनदा आले आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, चॅटचा स्क्रीनशॉट, वहीच्या नऊ पानांची छायाप्रत, टाकीचे तीन फोटो.