खिडकी उघडी ठेव

पेण, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू न जेवता एसटीत बसलीस. आईने बांधलेला डबा ओट्यावरच राहिला, तो मी खाल्ला. रागाने नाही, वाया जाऊ नये म्हणून. भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. फक्त एवढं सांग, होस्टेलच्या खोलीची खिडकी नीट उघडते ना?

प्लास्टिकची तार वितळवून रेघा काढणारं तुझं जुनं थ्रीडी पेन खणात राहिलंय. मी चालवून पाहिलं. हसू नकोस, काका हसला तेवढं पुरे. म्हणे पेणच्या माणसाने साठीला आल्यावर पेन धरलं! प्लग लावला, तापमानाचा आकडा दोनशेवर गेला, तरी मागून तार आत जाईना. बंद करण्याआधी तू ती उलटं बटण दाबून बाहेर घेतली नव्हतीस, आतच गोठली होती. ब्रश न धुता ठेवणाऱ्या कारागिराला आजोबा काय म्हणायचे, ते तुला ठाऊक आहे.

मोकळं झाल्यावर गणपतीची सोंड काढायला घेतली, थेट हवेत. लोंबली. शाडूच्या मातीवर पाण्याचा हात फिरवला की चूक पुसते. हे गार झालं की झालं. शिवाय बोट भाजलं. (भाजलं तर नळाखाली धर, बराच वेळ. टूथपेस्ट लावायची नाही.) तिसऱ्या रात्री जमायला लागलं. चित्रावर सेलोटेप लावून त्यावर सपाट तुकडे काढायचे, सोलून उभे करायचे आणि सांध्यात तार भरायची. रेघ संपली की बटण सोडून हात क्षणभर तिथेच धरायचा. म्हणजे साच्यातले दोन अर्धे जोडतो तसंच की. मग तू केलेला उंदीर दिव्याखाली घेऊन बसलो. पाठीवर सांधा शोधला, सापडला नाही. आपल्याकडे वीस वर्षं काम करणाऱ्यांचा सापडतो.

आणि त्या दिवशी मी तुझ्या पेनाला खेळणं म्हणालो, तुझ्या मैत्रिणीसमोर प्लग ओढला. चुकलंच.

पण कारण ऐक. तुझ्या पिशवीतल्या काळ्या तारेवर एबीएस लिहिलेलं दिसलं आणि डोकं फिरलं. शाळेत असताना वापरायचीस ती पीएलए, मक्याच्या स्टार्चची, तापली की गोडूस वास सुटायचा. एबीएस हे वेगळं प्लास्टिक, ती जास्त तापवावी लागते आणि तिच्या धुरात स्टायरीन असतं, श्वासाला वाईट. ती चिवट असते, पीएलएचं मॉडेल उन्हातल्या गाडीत नरम पडतं, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. साठेक अंशांना पडतंच. पण मॉडेल वाकलं तर वाकू दे ना गं. सबमिशनच्या आदल्या रात्री चौघी मिळून दार लावून बसता, पंखाही बंद, कारण वाऱ्याने तार लवकर गार होते. हे तूच कौतुकाने सांगितलंस.

तुला आजोबा आठवतात ते खाटेवरचे. मला आठवतात ते कारखान्यातले. गणपती आठवड्यावर आले, बाहेर पाऊस कोसळतोय, रंग वाळत नाही म्हणून चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद बांधलेला आणि आत स्प्रे चालू. तोंडाला रुमाल, तोही आखणीच्या वेळी काढून ठेवायचे. श्वास रोखून एकेक डोळा काढायचे. पुढे श्वास रोखायची गरजच उरली नाही. मी तेव्हा पंधरा-सोळाचा, कागदाच्या गाठी मीच बांधायचो.

बघ, पुन्हा तिथेच आलो. लिहायचं होतं पमाआत्याकडच्या साखरपुड्याचं. ते आई फोनवर सांगेल.

पीएलएच्या उरलेल्या तारा शेवयांच्या डब्यात घालून पाठवतोय, झाकण घट्ट लाव. इथल्या दमट हवेत उघड्या राहिल्या की पेनात तडतडतात. एबीएसच हवी असेल तर गच्चीत बसून वापर. लांब वायर लागेल, तिचे पैसे वेगळे पाठवतो.

उंदीर आईने टीव्हीवर ठेवलाय. डावा कान कपाटातून पडून तुटला होता, मी नवा लावला. जाड झालाय. आलीस की काढून टाक हवं तर.

तुझा
बाबा