गिटार नसलेली रेकॉर्ड

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

कपाटाला खालून वाळवी लागली म्हणून परवा सगळ्या रेकॉर्डी बाहेर काढल्या. हॉलभर वर्तमानपत्रं अंथरून बसलो होतो, तुझी आई त्यातून वाट काढत चहा घेऊन आली, आणि नेमकी तेव्हाच ‘हेड हंटर्स’ हाताला लागली. जाझ पियानोवाला हर्बी हॅनकॉक, त्याची, 1973 ची. मुखवटेवाल्या माणसाची, आठवते? तू त्याला घाबरायचीस म्हणून मी ती कपाटात तोंड फिरवून ठेवायचो. 1987 साली फोर्टच्या फुटपाथवर 40 रुपयांना घेतली होती. पगार किती ते तुला माहीत आहे, त्यामुळे आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

वाळवी राहिली बाजूला. पुसून लावलीच.

आधी नुसती खरखर, मग पहिल्या चीजेचा, ‘कमीलियन’चा, तो खर्जातला बास. दबकत दोन-तीन पायऱ्या चढतो, थबकतो, पुन्हा पहिल्यापासून. मागून ड्रम येतात, मग ते खरखरीत गिटार, आणि बऱ्याच वेळानं सॅक्सोफोन. पंधरा मिनिटांच्या वर चालतं हे. ऑफिसच्या टेबलावर, बसच्या दांडीवर, तुझ्या पाळण्याच्या लाकडावर हाच बास मी बोटांनी वाजवत आलो.

आणि इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, ‘बघा, बास गिटार वाजवावं तर असं!’

तू एकदा म्हणाली होतीस की तो सिंथेसायझर आहे. मी ऐकून सोडून दिलं. परवा चष्मा लावून कव्हरची मागची बाजू नीट वाचली, मग इकडेतिकडे शोधलं. तुझंच खरं. पॉल जॅक्सन बास गिटार वाजवतो, पण हा बास त्याचा नाही, हर्बीच्या हातचा, आर्प ओडिसी नावाच्या सिंथेसायझरवरचा. आणि ज्याला मी गिटार समजत होतो ते क्लॅव्हिनेट! म्हणजे कीबोर्डच. अख्ख्या रेकॉर्डवर गिटारवाला नाहीच. पाच जण: हर्बी, पॉल जॅक्सन, ड्रमवर हार्वी मेसन, सॅक्सोफोनला बेनी मॉपिन आणि बाकी सगळं ठोकायला-फुंकायला बिल समर्स.

दिवाळीत तू लॅपटॉपला तो छोटा कीबोर्ड जोडून काहीतरी बसवत होतीस, तेव्हा मी म्हणालो होतो, ‘बटणं दाबून संगीत होत नसतं.’ तू लॅपटॉप मिटून गॅलरीत गेलीस. मग फराळावर विषय गेला आणि राहूनच गेलं. ते वाक्य मी मागे घेतो.

त्या ओडिसीत आवाज साठवून ठेवायची सोयच नव्हती. प्रत्येक आवाज दरवेळी सरकपट्ट्या वरखाली करून नव्यानं जुळवायचा. आणि हा माणूस अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनीबरोबर मोझार्ट वाजवलेला, पुढे जाझमधला बडा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्या पंचकात पियानोला बसलेला. त्यानं बटणं हातात घेतल्यावर जाझच्या जाणकारांनी नाकं मुरडली, बाजारू झाला म्हणाले. माझ्यासारखेच असणार सगळे, फक्त त्यांच्याकडे फराळ नसेल. (कॉलेजात तो आधी इंजिनीअरिंगला होता, मग संगीताकडे वळला. हे आईला सांगू नकोस.)

मग ‘वॉटरमेलन मॅन’. ही त्याची 1962 ची जुनी चीज. शिकागोत लहानपणी गल्लीतल्या दगडी फरशीवरून कलिंगडवाल्याची गाडी जायची, चाकांचा तो खडखडाट त्याच्या डोक्यात होता. अकरा वर्षांनी तीच चीज पुन्हा केली तेव्हा सुरुवातीला समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो. मध्य आफ्रिकेतले पिग्मी लोक एकसुरी शिट्टी आणि स्वतःचा आवाज आलटून पालटून काढतात, त्याची ती नक्कल. तुला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी पाच वर्षांची असताना तू कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत फुंकत घरभर फिरायचीस. एक फुंकर, एक किंकाळी. आई म्हणायची, ‘दोघांनाही आवरा.’

दुसरी बाजू मी पूर्वी फारशी ऐकत नसे. ‘स्लाय’ नाचरी आहे, दम लागतो. शेवटची ‘व्हेन मेल्टर’ तेव्हा रटाळ वाटायची. यावेळी ती संपली तरी मी तसाच बसून होतो. सुई मधल्या खोबणीत टकटक करत होती, आईनंच उठून उचलली.

सुई झिजली आहे, येताना त्या दुकानातून नवी आण, पैसे देईन. आणि लॅपटॉपबरोबर तो छोटा कीबोर्डही घेऊन ये. दिवाळीत बसवत होतीस ते मी अर्धंच ऐकलं होतं.

तुझा,
बाबा

ता. क. वाळवीवाला गुरुवारी येतोय. रेकॉर्डी तोवर तुझ्या पलंगावर आहेत, रागावू नकोस.